जिवंत संताच्या दिवशी गहू

संत मिखाइलच्या दिवशी ग्रुबानिचांच्या घरात गहू शिजत नसे. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. गहू शिजतो तो मेलेल्यांसाठी. तो मधात कालवायचा, वर अक्रोडाचा चुरा घालायचा, मधोमध मेणबत्ती खोचायची, पाद्रीने मेलेल्याचं नाव घ्यायचं. मग हजर असलेल्या प्रत्येकाने एक चमचा तोंडात टाकून म्हणायचं, ‘देव त्याला क्षमा करो.’ इतर घरांचे कुळसंत कधी ना कधी मेलेले असतात. कुणाला सिंहांनी खाल्लं, कुणाची मान उडवली. त्यांच्या सणाला गहू चालतो. पण मिखाइल म्हणजे देवदूतांचा सेनापती, तो कधी मेलाच नाही. जिवंताच्या नावाने गहू शिजवणं म्हणजे त्याच्या मरणाला हाक मारणं, असं आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

वीस वर्षं मी त्या गढीची चूल सांभाळली आणि हा नियम एकदाच मोडला. त्या दिवसाची भीती अजून माझ्या पोटात आहे. शेजारणी म्हणतात, स्तोयना, आता हाडं थकली तुझी, आता कसली भीती? त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

ग्रुबानिच म्हणजे मुळात मध काढणारे. म्हातारा ग्रुबान लिम नदीच्या काठी पोकळ ओंडक्यांत मधमाश्या पाळायचा. आताच्या राजाचा आजोबा एकदा शत्रूपासून पळत त्याच्या रानात शिरला. ग्रुबानने त्याला ओंडक्यांमागे लपवलं आणि पाठलाग करणारे आले तेव्हा माश्यांनी भरलेले पाच ओंडके लाथेने त्यांच्या घोड्यांपुढे लोटून दिले. त्या एका लाथेवर त्याला खोरं मिळालं. त्याच्या मुलाने खिंडीच्या तोंडावर दगडी गढी बांधली. नातू ग्राडिस्लाव, म्हणजे आमचे धनी, सोन्याचा पट्टा बांधून राजाच्या पंक्तीला बसू लागले. घराण्याने चर्च बांधलं, त्याच्या भिंतीवर ग्रुबानचं चित्र काढून घेतलं. चित्रात त्याच्या हातात छोटंसं चर्च आहे आणि दाढी नीट विंचरलेली आहे. माझ्या आजीने त्याला जिवंत पाहिलं होतं. ती म्हणायची, त्या दाढीत सदा दोन-चार मेलेल्या माश्या असायच्या.

घराणं इतकं वर चढलं की राजाला मान वर करून बघावं लागायला लागलं, आणि राजांना ते सोसत नाही. धन्यांना एकच मुलगा, देसिमिर. तो बारा वर्षांचा झाला तेव्हा राजाचा निरोप आला की पोराला इकडे पाठवा, आमची तलवार वाहील, चार गोष्टी शिकेल. निरोप गोड होता. ओलीस हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण पोराला घोड्यावर चढवताना मी चुलीमागे तोंडात पदर कोंबून उभी होते.

त्याला मी पाजलं होतं. बाईसाहेबांना, म्हणजे विटोस्लावाबाईंना, दूध आलं नाही. त्याच आठवड्यात मला मुलगी झाली होती. दोघांना पुरेल इतकं दूध माझ्या अंगात नव्हतं, आणि आधी कुणाला पाजायचं हे मला विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. माझी पोर नवव्या दिवशी गेली. तिच्याबद्दल मी कधी बोलले नाही. देसिमिर मला दाई म्हणायचा, माझ्या मागे मागे फिरायचा, भाकरीचा करपलेला पापुद्रा मागायचा. पोर म्हणून माझ्याजवळ जे काही होतं, ते तोच.

तो जाऊन सात वर्षं झाल्यावर, द्राक्षं उतरवण्याच्या दिवसांत, एक फिरता साधू गढीवर आला. त्याने भाकरी खाल्ली, पाणी प्यायला, मग धन्यांना बाजूला नेऊन सांगितलं की देसिमिर तापाने गेला. राजाने त्याला गुपचूप पुरलं, आणि बातमी बाहेर फुटू नये म्हणून जिभा कापायची धमकी दिली आहे. गेला तो दिवसही साधूने सांगितला. आदल्या दिवशी त्याला नऊ दिवस झाले होते.

धन्यांनी भर दुपारी दिवाणखान्याचं दार लावलं. आत बाईसाहेब, पाद्री प्रिबिल आणि मी. मी होते, कारण बाईसाहेब जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांना धरायला कुणीतरी हवं होतं.

“रडायचं नाही,” धनी म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज फाटला होता. “काळं नेसायचं नाही, केस सोडायचे नाहीत. आपल्याला काही कळलेलंच नाही. समजलं का?”

“माझा मुलगा गेलाय,” बाईसाहेब म्हणाल्या.

“म्हणूनच सांगतोय. राजाला वाटतंय, पोर त्याच्या मुठीत आहे असं आपण धरून चाललोय. तोवर तो खिंडीकडे फौज पाठवणार नाही. हिवाळा जाऊ दे. बर्फ वितळलं की मी नदीपलीकडच्या राजाला खिंड उघडून देतो. मग रड, किती रडायचंय तेवढं.” मग ते माझ्याकडे वळले. “स्तोयना, तू दर महिन्याला मिठाच्या तांड्याबरोबर पोराला निरोप पाठवतेस ना? पाठवत राहा. खंड पडता कामा नये.”

“मेलेल्याला निरोप पाठवू, धनी?”

“पाठव! आणि तोंड आवर.”

पुढचा महिना कसा काढला ते माझं मला माहीत. आख्खी गढी हसत होती. बाईसाहेब लाल शाल पांघरून सज्जात बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायच्या. आत आल्या की पिठाच्या पोत्यात तोंड खुपसून ओरडायच्या, पांढऱ्याफटक होऊन बाहेर यायच्या. मी त्यांचं तोंड पुसायची. दाराशी घोड्याची टाप वाजली की माझ्या हातातलं भांडं खाली पडायचं. कुणावर विश्वास ठेवावा कळेना. घोड्यांना खरारा करणारा माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला तरी वाटायचं, हा राजाचा माणूस.

त्यात गारोव मेला. गारोव म्हणजे देसिमिरचा काळा कुत्रा. म्हातारा, अर्धा आंधळा, सात वर्षं फाटकाशी बसून असलेला. साधू येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. मिठाचा तांडा निघाला होता. मी तांडेवाल्याला म्हटलं, “आमच्या पोराला सांग, गारोव गेला. झोपेतच गेला, त्रास झाला नाही. फाटकाजवळच्या अक्रोडाखाली पुरलाय.” मेलेल्या पोराला मेलेल्या कुत्र्याची बातमी! तांडेवाल्याची पाठ वळली आणि मी मिठाच्या गोणीवर बसून हमसून हमसून रडले. कुणी विचारलंच तर सांगणार होते की कुत्र्यासाठी रडतेय.

आता चाळिसावा दिवस. मेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी गहू द्यायचाच असतो, नाहीतर जीव उपाशी वाटेवर भटकतो. बाईसाहेबांनी बोटांवर मोजलं, मी मोजलं, पाद्रीबाबांनी पुस्तकात बघून मोजलं. तिघांचाही हिशोब एकाच दिवसावर येऊन थांबला. संत मिखाइलचा दिवस.

“नको, बाईसाहेब,” मी म्हटलं. “एक दिवस पुढे ढकला. देव समजून घेईल.”

“देव समजून घेईल, पण तो उपाशी राहील त्याचं काय? सात वर्षं परक्याच्या ताटातलं खाल्लंय त्याने. शेवटचा घास तरी घरचा जाऊ दे.”

“सणाला गावभरचे लोक येतात. कुणी पाहिलं तर?”

“चर्चमध्ये प्रार्थनेच्या आधी उरकू. तू, मी आणि पाद्रीबाबा. धन्यांना सांगू नकोस.” मग त्यांनी माझा हात धरला, तोही इतका घट्ट की नखं रुतली. “स्तोयने, तू पाजलंयस त्याला. तू शिजवणार नाहीस तर कोण शिजवेल?”

अशा बोलण्यापुढे मी काय करणार होते? गहू भिजत घातला.

आणि त्याच संध्याकाळी फाटकावर बारा घोडेस्वार घेऊन राजाचा चिटणीस आला, तोल्येन. कुळसंताच्या सणाला आमच्याकडे कुणाला बोलावत नाहीत, पण दारात आला त्याला परतही पाठवत नाहीत. धन्यांनी त्याला मिठी मारली. मी खिडकीतून बघत होते. मिठीत असताना धन्यांचे डोळे माझ्या खिडकीवर होते आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

सणाच्या पहाटे मी स्वयंपाकघरात चूल न पेटवता मागच्या मधाच्या कोठारात पेटवली. गहू शिजायला वेळ खातो. वास दाबायला मी निखाऱ्यांवर मेणाचे तुकडे टाकत होते, तरी तो गोडसर वास भिंतीतून बाहेर झिरपतोय असं वाटायचं. एकदा दाराबाहेर पावलं वाजली, थांबली, गेली. उजाडल्यावर बाईसाहेब आल्या, ताटली शालीखाली घेऊन चर्चकडे निघून गेल्या. मी पातेलं घासून पालथं घातलं आणि स्वयंपाकघरात आले तर चुलीपाशी, माझ्या स्टुलावर, तोल्येन बसलेला.

माणूस गोलमटोल, गाल लाल. बूट काढून तळवे शेकत होता.

“ये, ये,” तो म्हणाला, जणू घर त्याचंच. “दिवाणखान्यात सगळे माझ्याकडे असे बघतात की घास गिळवत नाही. म्हटलं, चुलीपाशी तरी कुणी हसून बोलेल. तूच ना स्तोयना?”

“मीच. पण हसायला दात कुठे राहिलेत, चिटणीससाहेब?”

तो खदखदून हसला. मग नाक वर करून हुंगलं. “गहू शिजवलास?”

मी म्हटलं, “कोंबड्यांसाठी. थंडीत अंडी देत नाहीत मेल्या. शिजवून घातला की देतात.”

“असं? आमच्याकडे कोंबड्या कच्चाच खातात.” तो तळवे चोळत राहिला. “तुमच्या कोंबड्यासुद्धा सरदारांच्या.”

मी उगाच कोबी चिरायला घेतला.

“तुझ्यासाठी एक निरोप होता,” तो म्हणाला. “तुझ्या पोराचा. पोरगं लाघवी आहे हो. तुझा सांगावा मिळाला म्हणाला. तो कुत्रा गेला ना तुमचा? काय त्याचं नाव... गारोव. मिठाच्या तांड्यातल्या माणसाने सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. एकोणीस वर्षांचा धट्टाकट्टा गडी, पण घोड्याच्या मानेत तोंड लपवून रडला. मला म्हणाला, तिकडे गेलात तर दाईला सांगा, अक्रोडाखाली पुरलंस ते बरं केलंस, तिथे त्याला सावली मिळेल.”

मी कोबीकडे बघत राहिले. गारोव मेला तो साधू येऊन गेल्यावर. साधूच्या बोलण्याप्रमाणे तोवर माझं पोर बारा दिवस मातीत होतं. मातीतलं पोर कुत्र्यासाठी रडत नाही. अक्रोडाचं झाड तोल्येनला कुठून माहीत असणार?

जिवंत आहे. माझा जिवंत आहे.

आनंद व्हायला हवा होता ना? आनंदाआधी भीतीच आली. साधू खोटा होता, म्हणजे त्याला कुणीतरी पाठवलं होतं. आम्ही काय करतो ते बघायला पाठवलं होतं. आणि आम्ही काय केलं? हसत बसलो. आणि या घटकेला, शंभर पावलांवर, माझ्या हातचा गहू चर्चमध्ये त्या जिवंत पोराच्या नावाने ठेवलेला होता.

तोल्येनने हे मला का सांगितलं? तो मला सावध करत होता की जाळ्यात ओढत होता? इतकी वर्षं डोकं खाजवलं, मला अजून कळलेलं नाही. त्या वेळी त्याने बूट चढवायला घेतले, एवढंच मी पाहिलं. म्हणाला, “चला, प्रार्थनेला जायला हवं. सरदार वाट बघत असतील.”

“पाहुण्यांसाठी मध आणते,” म्हणत मी मागच्या दाराने निघाले आणि कोपरा वळताच पळत सुटले. चिखल होता, एक खडाव तिथेच रुतून राहिला.

चर्चमध्ये अंधूक उजेड होता. ग्रुबानच्या चित्राखाली छोट्या चौरंगावर गहू, त्यात मेणबत्ती पेटलेली. बाईसाहेब गुडघ्यांवर. पाद्रीबाबा पुस्तक डोळ्यांशी नेऊन पान शोधत होते.

“थांबा!” मी म्हटलं. “नाव घेऊ नका. तो जिवंत आहे.”

बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला भीती वाटली.

“गारोव मेल्याचं त्याला कळलंय. त्याने निरोप पाठवलाय. अक्रोडाचं बोललाय तो, बाईसाहेब!”

“कुत्रा?” त्या म्हणाल्या. “कुत्र्याचं काय बोलतेस, स्तोयने?”

मी धापा टाकत पुन्हा सांगितलं. मध्येच त्यांना समजलं. समजल्याबरोबर त्या एका अंगावर कलंडल्या, आणि मी त्यांना सावरू की ताटली उचलू अशा पेचात असतानाच दार उघडलं. धनी आणि तोल्येन आत आले. त्यांच्यामागे स्वार, त्यांच्यामागे गावातली माणसं.

सगळ्यांच्या नजरा एकदम गव्हावर गेल्या. आडोसा करायला वेळच मिळाला नाही. धन्यांनी गव्हाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पट्ट्यावरचा त्यांचा हात खाली लोंबला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

“संत मिखाइलच्या दिवशी गहू?” तोल्येन म्हणाला. आवाज अजून मऊच होता. “या घरात? कुणाचा?”

बाईसाहेबांच्या घशातून नुसता घर्र आवाज येत होता. अजून एक श्वास गेला असता तर त्या बोलून गेल्या असत्या. मी पुढे झाले.

“माझा,” मी म्हटलं. “माझा आहे, चिटणीससाहेब. कोंबड्यांचं खोटं बोलले. मी डोंगरातली, मला कुठे कळतात तुमचे जिवंत आणि मेलेले संत? बाईसाहेब मला रागावतच होत्या.”

गावातली एक बाई खुसकन हसली. सगळ्यांना ठाऊक होतं की मी डोंगरातली नाही, पण बिचारीने साथ दिली. तोल्येनच्या खांद्यांतला ताण सैल झाला. शपथेवर सांगते, त्याला ते खरं मानायचं होतं. बर्फातून परत जाऊन राजाला सांगायचं होतं की गढीवर सगळं ठीक आहे.

“चूक झाली, पण पाप नाही,” तो म्हणाला. “शिजलंय तर आता टाकू नये. बाबा, वाचा नाव, सगळे चमचा चमचा घेऊ. कोण गेलं तुझं, बाई?”

“माझं लेकरू. अंगावरचं पीत होतं.”

“अरेरे. नाव काय?”

नाव काय! मी तोंड उघडलं. माझ्या पोरीचं नाव मी जन्मल्या दिवशी सुइणीला सांगितलं होतं आणि त्यानंतर कधी घेतलं नव्हतं. माझ्या लेकराचं नाव काय, असं त्याने विचारलं. मी भेदरलेली, आणि जीभ रोजच्या सवयीने जिथे जायची तिथेच गेली.

“देसिमिर,” मी म्हटलं.

ते नाव घुमटात वाजलं. परत घेता येईना.

तोल्येनने डोळे मिटले. मग तो चालत चौरंगापाशी आला, चमचा उचलला, गहू तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला. “देव त्याला क्षमा करो,” तो म्हणाला. मग धन्यांकडे वळला. आवाजातला मऊपणा गेला होता. “राजाने मला एवढंच बघायला पाठवलं होतं, ग्राडिस्लाव. बातमी पोचली का, आणि पोचली असेल तर बाप काय करतो. खरा बाप रडत, अनवाणी, मुलाचं प्रेत मागायला आला असता. तू महिनाभर हसत बसलास. मग तू कशाची वाट बघत होतास?”

स्वारांनी धन्यांचा सोन्याचा पट्टा सोडला आणि त्याच पट्ट्याने त्यांचे हात बांधले.

त्या घराण्याला चढायला तीन पिढ्या लागल्या. उतरायला आठवडा पुरला. नदीपलीकडच्या राजाला लिहिलेलं पत्र धन्यांच्या पेटीत सापडलं. धनी कैदेत गेले, पुढच्या उन्हाळ्यात तिथेच मेले. बाईसाहेबांना मठात टाकलं. जाताना त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, शिवीसुद्धा दिली नाही. गढीचे दगड गाडे भरभरून नेले. चर्चच्या भिंतीवरच्या म्हाताऱ्या ग्रुबानचे डोळे कुणीतरी सुरीने खरवडून काढले. दाढी मात्र अजून तशीच विंचरलेली आहे.

आणि माझं पोर? राजाने त्याला मारलं नाही. म्हणाला, जीव घ्यायचं पाप नको. याच्या घरच्यांनी याचा गहू शिजवलाय, हा त्यांच्या लेखी मेलेलाच आहे, मग मेलेल्याला डोळे कशाला हवेत? वसंतात एका गाढवावर बसवून त्याला खोऱ्यात आणून सोडलं. डोळ्यांवर फडकं होतं. मी त्याचा हात धरला तेव्हा त्याने माझी बोटं चाचपली आणि म्हणाला, “दाये, करपलेला पापुद्रा आहे का गं?”

माझ्या झोपडीत तो राहिला. गवताच्या वेण्या वळून मधमाश्यांची पोळी बसवायच्या टोपल्या करायला शिकला. हात असे चालायचे की डोळसाने बघत राहावं. माश्या त्याला कधी चावत नसत. लोक म्हणायचे, ग्रुबानिच परत मधावर आले. त्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, मेले.

अकरा वर्षं मी त्याला भाकरी वाढली आणि अकरा वर्षं घाबरत राहिले. त्याला कुणी सांगेल का? चर्चमध्ये माझ्याच तोंडून काय बाहेर पडलं, हे त्याला कळलं तर? गावातलं कुणी दाराशी बोलायला थांबलं की मी मध्ये पडायची, काहीबाही बडबडायची, त्याला आत पाठवायची. गहू मी त्या दिवसापासून शिजवला नव्हता. माझा भाऊ मेला तेव्हाही नाही. भावजय बोलायची बंद झाली, होऊ दे म्हटलं.

बाराव्या वर्षी, संत मिखाइलच्याच दिवशी, आम्ही दोघं दुपारचं जेवत होतो. भाकरी, चीज, थोडी वाइन. बाहेर पातळ ऊन होतं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि सहज विचारावं तसं विचारलं.

“दाये, त्या दिवशी तोल्येनने नाव विचारलं, तेव्हा तू माझं का घेतलंस?”

माझ्या हातातली वाटी कलंडली, वाइन त्याच्या बाहीवर सांडली. मी म्हटलं, “तुला... कधीपासून माहीत आहे?”

“डोळ्यांसाठी सळई तापत होती तेव्हा तोल्येननेच सांगितलं मला. वाईट वाटत होतं त्याला.”

“आणि तू अकरा वर्षं...”

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो. तू तर कुणाला माझ्याजवळ फिरकू देईनास. म्हटलं, म्हातारी अशी भिऊन भिऊन मरायची.” तो हसला नाही. “सांग ना. का घेतलंस?”

मी दुसरं काही जुळवू शकले असते. अकरा वर्षं मनात हजार उत्तरं रचली होती. त्यातलं एकही आठवेना.

“त्याने मला माझ्या लेकराचं नाव विचारलं रे,” मी म्हटलं.

तो ओल्या बाहीवरून बोट फिरवत राहिला. मग हात पुढे करून त्याने माझा हात शोधला.

“मग बरोबरच सांगितलंस,” तो म्हणाला.

मी तोंडात पदर कोंबला, त्याला लहानपणी घोड्यावर चढवताना कोंबला होता तसाच. त्याने मला रडू दिलं. नंतर विचारलं, “आणि तिचं काय होतं? नाव?”

“वेसेला.” ते नाव तोंडातून निघायला तीस वर्षं लागली.

“तिला कधी गहू दिलास?”

“नाही. कुणी विचारलंच नाही.”

“उद्या शिजव. आज नको, आज जिवंत संताचा दिवस आहे. उद्या शिजव, मी खातो.”

म्हणून संध्याकाळी मी गहू भिजत घातला. दुसऱ्या दिवशी चूल पेटवली, पातेलं चढवलं. पाण्याला उकळी फुटली आणि तो गोडसर वास नाकात शिरला. झाकण तसंच हातात धरून मी आधी आतल्या खोलीत गेले. तो अजून झोपलेला होता. त्याच्या नाकापाशी तळवा धरून श्वास हाताला लागतोय ना ते पाहिलं, आणि मगच परत येऊन पातेल्यावर झाकण ठेवलं.